मंडळाचा कोट

१

इस्त्रीच्या दुकानातलं बाकडं करकरायचं. बसणारा काडीपैलवान असो की चांगला धष्टपुष्ट, बाकडं त्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहायचं नाही. गिऱ्हाइकं कुरकुरायची, "ताई, याला दोन खिळे तरी मारून घ्या." ताई म्हणायची, "राहू दे. माझी पाठ असते दाराकडे. कोण येऊन बसलं ते त्यावरून कळतं मला."

आणि कळायचंही. मास्तरीणबाई टेकल्या की बाकडं एकदाच चिरकायचं, बंदरावरचा हमाल बसला की लांबलचक कण्हायचं. दादाचं करकरणं दोन हप्त्यांत असायचं. आधी तो बसला त्याचं, मग दुखरा पाय हाताने उचलून लांब केला त्याचं.

दादा म्हणजे ताईचा थोरला भाऊ. सैन्यातून परतला तो एक अधू पाय आणि एक बहिरा कान घेऊन. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "मी एका पायावर तयार होतो हो, दुसऱ्यानेच घात केला." ताईचा नवरा गेला तेव्हा तो दुकानामागच्या खोलीत राहायला आला आणि तिथलाच झाला. सुरकुत्या ताईने काढायच्या, तुटलेली बटणं दादाने लावायची, अशी वाटणी होती. दोघांना एकमेकांशिवाय दुसरं कोणी नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे.

गाव समुद्राला लागून. धक्का संपतो तिथल्या छोट्या बागेत माजी सैनिकांचं स्मारक आहे. ब्राँझचे चार सैनिक स्ट्रेचर घेऊन समुद्राकडून गावाकडे चालत येताहेत. स्ट्रेचर रिकामं आहे. मूर्तिकाराने ते रिकामं का ठेवलं हे वेळेवर कोणी विचारलं नाही, आणि आता विचारायला तो उरला नाही. पण रिकामी जागा लोकांना बघवत नाही. गावातला एखादा माजी सैनिक वारला की त्याचा माजी सैनिक मंडळाचा लांब कोट धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून दिवसभर त्या स्ट्रेचरवर ठेवायचा, अशी पद्धत पडली. संध्याकाळी कोट उचलायचा, खाऱ्या वाऱ्याने मऊ पडलेला असतो म्हणून पुन्हा इस्त्री फिरवायची आणि घरच्यांना द्यायचा. हे काम ताईचं.

लहानपणी ती त्या सैनिकांच्या अंगाखांद्यावर खेळली होती. चौघांच्या मुठी सैल होत्या. ओझंच नाही तर आवळतील कशाला? मूठ आणि दांडा यांच्यामधल्या फटीत बोट घालून पलीकडून काढायचं, हा गावातल्या सगळ्या मुलांचा खेळ होता.

२

तोफवाले काका गेले. तोफखान्यात होते म्हणून तोफवाले. त्यांची सून कोट घेऊन आली.

"उद्या सकाळी ठेवायचाय, ताई. मामंजी नेहमी म्हणायचे, माझा शेवटचा कोट तुमच्याच हातून निघाला पाहिजे."

ताईने कोट टेबलावर पसरला. ओलं फडकं टाकून ती पाठीवर इस्त्री फिरवू लागली. बाकड्यावर दादा सुईत दोरा ओवत होता.

"आमच्या दोघांचाही डावाच कान गेलेला," तो म्हणाला. "फिरायला निघालो की जो तो दुसऱ्याला उजवीकडे घ्यायला बघायचा. चार पावलं चाललो की मी त्यांच्या डावीकडे जायचो, त्यांना ऐकू येईना की ते माझ्या डावीकडे. एकदा असे फिरत फिरत दोघेही धक्क्यावरून खाली गेलो. पाणी गुडघाभर. काका पाण्यात उभे राहून मला म्हणतात, आता तरी उजवीकडे ये!"

ताई हसायला लागली. तिला हसू आवरेना. टेबलाला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसली. आणि मग वास आला.

फडकं सरकलं होतं. कोटाच्या पाठीवर इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग उमटला होता. ताईने झटकन इस्त्री उचलली. इतक्या वर्षांत तिच्या हातून साधा रुमाल जळला नव्हता, आणि जळावा तर हा कोट.

"आता काय तोंड दाखवू मी त्या माणसांना?"

दादाने कोट उलटासुलटा करून पाहिला. "रफू होईल. पण उद्यापर्यंत नाही." तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि स्वतःचा कोट घेऊन आला. तोच निळा रंग, तीच पितळी बटणं. मंडळाचे सगळे कोट एकाच शिंप्याने शिवलेले. "हा ने. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अरे, पण तू..."

"मी काय? मी धडधाकट आहे हे कोटाला कळणार आहे का? कोट तो कोट, चिमे. दिवसभर पडून राहील तिथे. इथेही पडूनच असतो."

ताईच्या मनात काहीतरी टोचलं. पण लाज मोठी वाईट असते, ती दुसरं काही ऐकू देत नाही. तिने दादाच्या कोटाला इस्त्री केली.

३

दुसऱ्या दिवशी सगळं रीतसर झालं. मंडळाचे म्हातारे ओळीत उभे राहिले, बिगूल वाजला, सुनेने कोट ठेवला आणि डोळे पुसले. कोणाला शंका आली नाही. दादाही ओळीत होता, साध्या शर्टात. कोणीतरी विचारलं, "कोट कुठाय रे?" तो म्हणाला, "इस्त्रीला."

दिवेलागणीच्या आधी ताई कोट आणायला गेली. ऊन उतरलं होतं. धक्क्यावर कोळ्यांची जाळी वाळत होती. तिने नेहमीसारखा एका हाताने कोट उचलला, आणि तो उचलला गेला नाही.

म्हणजे गेला, पण दुसरा हात लावावा लागला. जागं मूल कडेवर हलकं लागतं आणि तेच झोपलं की जड होतं, तसा तो जड लागला. तिने खिसे चाचपले. रिकामे. कापड कोरडं होतं. अस्तराच्या आत हात घातला तर उबदार होतं.

दिवसभर उन्हात होता, तिने स्वतःला समजावलं. ब्राँझ तापतं. खारी हवा कापडात मुरते. लोकर ती, पाणी पिणारच. सगळं पटण्यासारखं होतं. कोट दोन्ही हातांवर आडवा घेऊन ती घरी आली. रस्ताभर तिने तो खांद्यावर टाकला नाही.

४

काकांच्या कोटाला रफू झाला, डाग गेला, सूनबाई कोट घेऊन गेली, आभारही मानून गेली. ताईला वाटलं, सुटले.

दादाचा कोट तिने टेबलावर घेतला. दोन्ही बाह्यांना कोपरापाशी आतून सुरकुत्या पडल्या होत्या. पडून राहिलेल्या कोटाला अशा सुरकुत्या पडत नाहीत. त्या आत हात असला आणि तो हात दुमडलेला असला तरच पडतात. असतील जुन्या, असं म्हणून तिने वाफ देऊन त्या घालवल्या आणि कोट हँगरला लावून खुंटीवर टांगला. चहा टाकून परत आली तर सुरकुत्या तिथेच होत्या.

तिने पुन्हा इस्त्री केली. मग पुन्हा. गिऱ्हाइकाचे कपडे बाजूला ठेवून ती एका बाहीच्या मागे लागली. बाही टेबलावर असेपर्यंत सपाट राहायची, आणि खुंटीवर गेली की हळूहळू कोपरात मोडायची. शेवटी तिने तिकडे बघायचं सोडून दिलं. कॉलरच्या आतल्या बाजूला घामाची पुसट रेघ दिसली, तीही तिने पाहून न पाहिल्यासारखी केली.

धुण्याच्या दिवशी तिने दादाच्या शर्टांची बादली काढली. वरचा शर्ट उचलला आणि ती तशीच उभी राहिली.

शर्टावर तिनेच घातलेली घडी होती. छातीवरची आडवी रेघ, पाठीवरची उभी, बाहीवरची धार, सगळं जिथल्या तिथे. कॉलर पांढरीशुभ्र. काखेत घाम नाही, मनगटाशी मळ नाही, नाकाला साबणाचा वास.

"दादा, हा शर्ट घातलाच नाहीस?"

"घातला की. चार दिवस तोच घालतोय. म्हटलं पुरता मळू दे, तुला त्रास कमी."

"मळला नाही तो."

"मग बरंच आहे." तो हसला आणि बाकड्यावर बसला.

ताईची पाठ दाराकडे होती. ती करकरण्याची वाट बघत राहिली. मग तिला वाटलं, तो अजून बसला नसेल. तिने वळून पाहिलं. दादा बसला होता. तिच्यादेखत त्याने दोन्ही हातांनी दुखरा पाय उचलला आणि लांब केला. बाकड्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

५

ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर गावातलेच, दादाच्या थट्टेला सरावलेले. नाडी पाहिली, छाती पाहिली, जीभ पाहिली.

"ठणठणीत आहेत. काळजी तुमचीच करायला हवी, ताई. तुमचे डोळे बघा."

"वजन करा ना त्यांचं."

दादा काट्यावर चढला. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, काट्याला बोटाने टिचकी मारली, दादाला उतरवून पुन्हा चढवलं. "हा काटा एकदा दुरुस्तीला पाठवायला हवा," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. ताई हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? सांगायला तोंड उघडावं तर काय सांगावं, माझ्या भावाचे शर्ट मळत नाहीत?

घरी येताना दादा म्हणाला, "एक सांगू? हल्ली बसलो तरी आडवं पडल्यासारखं वाटतं."

"चक्कर येते का?"

"चक्कर नाही गं. झुलल्यासारखं. पाय गेला त्या दिवशी चौघांनी उचलून नेलं होतं मला. तसंच. पण तेव्हा पोरं घाबरलेली, पळत होती, नुसतं आदळत होती. हे सावकाश नेतात." त्याने डाव्या कानावर हात ठेवला. "आणि गंमत बघ, डाव्या कानात समुद्र ऐकू येतो."

ताईने त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. तो कान कित्येक वर्षं मेलेला होता. तिला रस्त्यात रडू फुटलं. दादा म्हणाला, "अगं, लोक म्हणतील म्हाताऱ्याने मारलं." ती रडत रडत हसली आणि मग तिला हसल्याचीच भीती वाटली.

त्याला घरी सोडून ती तडक स्मारकावर गेली. भर दुपार होती. माळी नळी धरून झाडांना पाणी घालत होता. स्ट्रेचर रिकामं होतं. पुढच्या डाव्या सैनिकाजवळ जाऊन तिने लहानपणीसारखं मूठ आणि दांडा यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं.

बोट जाईना. तिने करंगळी लावून पाहिली. दुसऱ्याच्या मुठीत पाहिलं, तिसऱ्याच्या, चौथ्याच्या. फट नव्हतीच कुठे.

"काय झालं, ताई?" माळ्याने विचारलं.

"यांच्या मुठी... सैल होत्या ना आधी?"

"ब्राँझच्या मुठी सैल नि घट्ट कशा होतील?" माळी हसला. "बोटं जाडी झाली असतील तुमची. इस्त्री धरून धरून."

असेलही. तिने आपली बोटं पाहिली. जाडच होती. मुलांची बोटं कुठे, तिची कुठे. ती परत फिरली. फिरताना तिची नजर सैनिकांच्या मनगटांवर गेली. तिथे शिरा उमटलेल्या होत्या, ताणलेल्या. त्या पूर्वी होत्या की नाही हे तिला आठवेना, आणि विचारावं असं तर कोणी नव्हतं.

६

चूक झाली असेल तर ती दुरुस्तही होत असेल. ज्याचा कोट ठेवायचा होता त्याचा ठेवावा, म्हणजे हिशेब मिटेल. ताईला एवढा एकच रस्ता दिसत होता. ती तोफवाल्या काकांच्या घरी गेली आणि सुनेला सगळं सांगितलं. डाग, दादाचा कोट, सगळं. सून रागावेल, दाराबाहेर काढेल अशी तिची तयारी होती. कोणीतरी रागवावं असं तिला मनापासून वाटत होतं.

सून तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिने ताईचा हात धरला. "एवढंच ना? अहो, जीव किती जाळलात! कोट तो कोट, ताई. आमच्या मनात काही नाही."

"मला आजचा दिवस मामंजींचा कोट द्याल?"

सुनेने कोट दिला, वर चहाही पाजला. ताईने चहा अर्धाच ठेवला आणि ती निघाली.

स्मारकापाशी माळी पलीकडच्या वाफ्यात होता. नळीच्या पाण्याचा आवाज येत होता. वारा पडला होता. ताईने कोटाची बटणं लावलेली तपासली, तो दोन्ही हातांनी उलगडला आणि स्ट्रेचरवर पसरला.

तो सपाट पडला नाही.

खांद्याशी तो उचललेला राहिला. छातीवरून गोलसर उतरला. दोन्ही बाह्या बाजूला घरंगळल्या, कारण मधे काहीतरी होतं, छातीवर घडी घातलेल्या हातांच्या उंचीचं. खालची कड एका बाजूला उंच होती, गुडघा दुमडलेला असावा अशी. दुसऱ्या बाजूला कापड लांब, सरळ पडलं होतं. एक पाय दुमडलेला, एक लांब केलेला.

तो पाय ती ओळखत होती. रोज बाकड्यावर बघत होती.

"हा जिवंत आहे," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. समोर चार चेहरे होते, सगळे गावाकडे बघणारे. "चूक माझी आहे. इस्त्री माझ्या हातून जळली. याला खाली ठेवा. याचा कोट होता, हा नव्हता. ऐकताय ना?"

कोणी ऐकलं नाही. कोट हळूच छातीपाशी वर आला आणि खाली गेला. वारा असेल, तिने स्वतःला सांगायला सुरुवात केली, आणि वारा नव्हता. तिने हात पुढे केला. त्या उंचवट्यापर्यंत नेला आणि तिथून पुढे तो हात जाईना. भीतीने नाही, तिला नंतर वाटलं. झोपलेल्याला जागं करू नये असं वाटलं.

तिने कोट ओढून घेतला. खाली ब्राँझ होतं. रिकामं, उन्हात चमकणारं.

७

दादा बाकड्यावर बसला होता. मांडीवर कोणाचा तरी शर्ट, हातात सुई. बटण अर्धवट लावलेलं.

"कुठे गेली होतीस? चेहरा बघ कसा झालाय."

"सांगून आले मी त्यांना," ताई म्हणाली. "सोडा याला, असं म्हटलं. ऐकत नाहीत ते, दादा."

दादाने कोणाला म्हणून विचारलं नाही. त्याने सुई शर्टाला टोचून ठेवली. "कसे ऐकतील? उचलल्यावर थांबायचं नसतं, चिमे. तसं शिकवतात."

"मी काय करू सांग. तू सांगशील ते करते."

"काही करू नको. बस इथे." तो थोडा सरकला. "त्यांची चाल चांगली आहे. हिसका बसू देत नाहीत. पाऊल बदललं तरी कळत नाही."  मग त्याचा आवाज खाली आला. "एक ऐक. हसलीस त्याचं मनाला लावून घेऊ नको. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा तशी हसली होतीस. मी ती गोष्ट मुद्दाम वाढवून सांगत होतो. पाण्यात-बिण्यात कोणी पडलं नव्हतं."

ताई त्याच्या शेजारी बसली. बाकडं करकरलं. एकदाच, तिच्यापुरतं. तिने त्याचा हात हातात घेतला. हात होता, बोटं होती, सुईने टोचून टोचून निबर झालेली. पण तिच्या तळव्यावर त्याचा भार काही पडत नव्हता.

समोर खुंटीवर कोट होता, दोन्ही बाह्या कोपरात मोडलेल्या. दोघंही तिकडे बघत होती. बाहेर रस्त्यावर सायकल गेली. कोणीतरी कोणाला हाक मारली. इस्त्रीचा दिवा लागला, विझला.

"आले बघ," दादा म्हणाला.

कोटाच्या बाह्या सुटल्या. आधी डावी, मग उजवी. कोपरातली मोड उलगडली आणि दोन्ही बाह्या सरळ खाली लोंबल्या. पाठ सपाट झाली, खांदे बसले. हँगर खुंटीवर हलकेच डोलला आणि थांबला. अंगणातून समुद्राचा आवाज येत होता, रोजचाच.

ताईच्या हातात काहीच नव्हतं. मूठ तशीच अर्धी मिटलेली होती, आणि शेजारी बघायचं तिच्याने झालं नाही. ती उठली. बाकडं पुन्हा एकदाच करकरलं.

तिने खुंटीवरून कोट काढला. एका हाताने. कापडाइतकाच हलका होता तो. तिने तो टेबलावर पसरला आणि बटणं सोडून अस्तरात हात घातला. अस्तर गार होतं.

"ताई, झाले का कपडे?" दारातून मास्तरीणबाईंचा आवाज आला. त्या आत येऊन नेहमीसारख्या बाकड्यावर टेकल्या. तिथे बसायला जागा होती. "अगं बाई, इथे सुई कोणी टोचून ठेवलीय शर्टाला?"

ताईने वळून पाहिलं नाही. ती वाकून कोटाच्या बाह्यांवरून बोटं फिरवत होती. कोपरापाशी, कॉलरशी, पाठीवर, पुन्हा कोपरापाशी. इस्त्री बाजूला तापत होती. एखादी तरी सुरकुती राहिली असेल, कुठेतरी शिवणीत, अस्तराखाली, ती शोधत होती.